यंदा सापडलेल्या मालिका: नाव सांगा आणि का आवडली तेही सांगा

रातराणी

नमस्कार मंडळी. वर्षभरात तुम्हाला सापडलेली एखादी मालिका इथे सांगा. नवीनच आलेली हवी असं अजिबात नाही, दहा वर्षं जुनी असली तरी चालेल, तुम्हाला ती यंदा सापडली एवढं पुरे. एकच विनंती, नुसती नावांची यादी टाकून जाऊ नका, याद्या कुठेही मिळतात. का आवडली, कोणाबरोबर बघितली, कुठला प्रसंग डोक्यातून जात नाहीये ते लिहा म्हणजे वाचणाऱ्याला ठरवता येतं की हे आपल्याला झेपेल की नाही. आणि खुनी कोण, शेवटी काय होतं हे कृपया लिहू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. रिप्लाय १९८८. कोरियन आहे, २०१५-१६ मधली, वीस भाग आणि एकेक भाग सिनेमाएवढा लांब. सोलमधल्या सांगमुन-डोंग नावाच्या भागातली एक गल्ली, तिथली पाच कुटुंबं आणि त्यांची बारावीच्या आसपासची पाच पोरं, बस एवढंच आहे. पहिल्याच भागात संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक आई शेजारी भाजी पाठवते, ती शेजारीण रिकामं भांडं परत कसं पाठवायचं म्हणून त्यात स्वतःचं काहीतरी घालून पाठवते, आणि मग ही पोरं हातात भांडी घेऊन गल्लीत नुसती इकडून तिकडे पळत असतात. मी चाळीत वाढलेय, मला तो प्रसंग कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

पण खरी आवडली ती दोक-सनमुळे. ती मधली मुलगी. मोठी बहीण हुशार, धाकटा भाऊ लाडका, हिचा वाढदिवस बहिणीच्या वाढदिवसाबरोबर एकाच केकवर उरकतात. तिला ऑलिंपिकच्या उद्घाटनात मादागास्करचा फलक धरायला मिळालेला असतो, ती जीव तोडून सराव करते आणि मादागास्करचा संघ येतच नाही. पुढे काय होतं ते बघा. त्याच भागात तिचे वडील रात्री गल्लीत थांबून तिची समजूत काढतात, म्हणतात की मी काही जन्मतः बाप नव्हतो, मला पण हे पहिल्यांदाच करायला लागतंय. मी तो भाग थांबवून वडिलांना फोन केला. काही खास बोलले नाही, जेवलात का वगैरे, पण केला.

यंदा माझ्या लक्षात आलं की ज्या मालिकांना स्वतःचं गाव असतं, गल्ली असते, त्याच मला धरून ठेवतात. कथानक तेच ते असलं तरी चालतं.

अंधेरीलोकल

मस्त धागा, वाचनखूण साठवली. रिप्लाय १९८८ ला प्रचंड अनुमोदन. त्यातली जोंग-ह्वानची आई आठवते का? आख्ख्या गल्लीत दरारा असलेली बाई, आणि तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत हे पोराला पासपोर्टच्या निमित्ताने कळतं. तो प्रसंग किती साधा घेतलाय, पार्श्वसंगीताचा भडिमार नाही की रडारड नाही.

तुम्हाला ती आवडली असेल तर वेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स बघाच. नेटफ्लिक्सवर आहे, मार्च २०२५ मध्ये आली, सोळा भाग. जेजू बेटावरची गोष्ट. तिथल्या बायका ऑक्सिजनची नळकांडी वगैरे काही न घेता नुसत्या श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले, अ‍ॅबलोन काढून आणतात, हेन्यो म्हणतात त्यांना. नायिका ए-सुन अशाच एका हेन्योची पोर, तिला कवी व्हायचंय. आई पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहून अ‍ॅबलोन शोधत बसते म्हणून या पोरीचा त्या अ‍ॅबलोनवर राग, आणि त्यावर ती शाळेत कविता लिहिते. पहिल्याच भागात आहे हे. माझी आई शेजारी बसून भाजी निवडत होती, तिने सुरी खाली ठेवली.

आणि तो ए-सुनचा नवरा ग्वान-शिक. नवरा कसा असावा याबद्दल आमच्या घरात तेव्हापासून चर्चा चालू आहे. पुढे हलाखीचे दिवस येतात तेव्हा घरमालक म्हातारा-म्हातारी कोणाला कळू न देता यांच्या तांदळाच्या रांजणात तांदूळ घालून जातात. म्हातारा वरवर कुरकुरत असतो हे विशेष. तरुणपणीची ए-सुन आणि तिची मोठी झालेली मुलगी ही दोन्ही कामं आययू या नटीनेच केली आहेत, तरी कुठेही गोंधळ होत नाही, चालण्या-बोलण्यात एवढा फरक ठेवलाय बाईने. दर आठवड्याला चार भाग असे टाकले होते त्यांनी, मला वाटतं आता बघणाऱ्यांनीही तसंच बघावं, एका दमात संपवू नका.

गोदाकाठ

मी परभणीचा. त्यामुळे मी मानवत मर्डर्सबद्दल लिहिणार, दुसरं कुणी लिहिण्याआधी.

सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, मी यंदा बघितली. मानवत आमच्याच जिल्ह्यातलं गाव. १९७० च्या दशकात तिथं एकामागून एक बायकांचे, पोरींचे खून झाले, त्याच्या मागं गुप्तधनाची हाव आणि अंधश्रद्धा, आणि तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. त्यांच्या आत्मकथनावर ही मालिका आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णींचं काम केलंय, दिग्दर्शक आशिष बेंडे. आमच्याकडं लहानपणी अंधार पडल्यावर बाहेर राहिलं की घरातली म्हातारी माणसं मानवतचं नाव घ्यायची, तेवढ्यानं आम्ही घरात पळायचो. त्यामुळं मला बघायला भीतीच वाटत होती की हे लोक त्याचा नुसता तमाशा करतील.

तसं केलेलं नाही. गोवारीकरांचा अधिकारी आवाज चढवत नाही, पायवाटा, विहिरी, बाभळी बघत फिरत राहतो, कागद वाचतो, माणसांना बोलू देतो. त्या काळात तपास म्हणजे चालणंच होतं, मोबाइल नाही की सीसीटीव्ही नाही, एका गावातून दुसऱ्या गावात निरोप जायला दिवस जायचा. हे सगळं त्यांनी घाई न करता दाखवलंय. मकरंद अनासपुरेंना मी आजवर हसण्यासाठीच बघत आलो, उत्तमराव बारहातेच्या कामात त्यांच्याकडं बघून हसू येत नाही, घशाला कोरड पडते. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर दोघींनी स्वतःचा चेहरामोहरा पार विसरून काम केलंय. एक तक्रार आहे. काही जणांची बोली आमच्याकडची वाटत नाही, मराठवाड्याचं मराठी म्हणजे नुसतं कडं-तिकडं लावणं नव्हे, बोलण्याचा हेल वेगळा असतो. तरीपण आठ भाग सलग बघितले. लहान पोरं घरात असतील तर ती झोपल्यावर लावा.

तिखटमीठ

गोदाकाठ, तुमचं वाचून लावायची इच्छा झाली पण खरं सांगते, मला लहान मुलांवरची हिंसा बघवत नाही, रात्रभर झोप लागत नाही. ज्यांचं माझ्यासारखं आहे त्यांच्यासाठी गुल्लक. यातही दुमजली बंगले नाहीत, उत्तरेतल्या एका छोट्या शहरातलं मिश्रांचं घर, वडील वीज खात्यात नोकरीला, आई, दोन मुलगे, आणि गोष्ट सांगतो तो घरातला मातीचा गल्ला. एका सीझनला पाचच भाग.

गीतांजली कुलकर्णींची शांती मिश्रा बघा. आपल्या मराठी रंगभूमीची बाई, पण हिंदी पट्ट्यातली गृहिणी अशी उभी केलीय की आमच्या लखनौच्या शेजारणीला त्या तिकडच्याच वाटल्या. त्यांची चिडचिड, बिट्टूच्या आईशी गच्चीवरून चालणारं बोलणं, गॅस सिलेंडर संपला की होणारा त्रागा. मी आई-बाबा आणि सासूबाई सगळ्यांबरोबर बघितली, रिमोट हातात धरून बसायची वेळ एकदाही आली नाही. हे मला फार मोठं वाटतं, कारण हल्ली सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखं शोधायला गेलं तर हाताला फार कमी लागतं.

उशिराचीबस

+१ गुल्लक. पंचायत तर सगळ्यांनी बघितलीच असेल म्हणून लिहीत नाही, फक्त एवढंच की तिचे पहिले दोन सीझन मी आजही कधीही लावू शकतो, नंतर राजकारण वाढत गेलं तसा फुलेरा गावातला निवांतपणा कमी होत गेला असं माझं मत.

माझी यंदाची: चेर्नोबिल. सोव्हिएत काळातल्या तिथल्या अणुभट्टीच्या अपघातावरची, २०१९ ची आहे, पाचच भाग, माझ्याकडून राहून गेली होती. मी रासायनिक कारखान्यात नोकरी करतो आणि शिफ्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने ती बघावी असं मला मनापासून वाटतं. भट्टीवरची एक चाचणी दिवसा व्हायची होती, कीव्हला वीज हवी म्हणून सुमारे दहा तास पुढे ढकलली आणि तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या गळ्यात पडली. वरून दबाव की आजच उरका. हे बघताना माझ्या पोटात गोळा आला, कारण शिफ्ट बदलताना अर्धवट निरोप, खाडाखोड केलेली कार्यपद्धती, साहेबाला नाही म्हणता न येणं, हे अणुभट्टीपुरतं नसतं.

शेवटच्या भागातला न्यायालयातला प्रसंग तर मी आमच्या नवीन मुलांना दाखवायला घेतलाय. अपघाताचा छडा लावणारा शास्त्रज्ञ लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या घेऊन उभा राहतो, लाल म्हणजे अभिक्रिया वाढवणारं, निळं म्हणजे कमी करणारं, आणि एकेक पाटी लावत-काढत भट्टीचा तोल कसा जातो ते सांगतो. अभिक्रिया दाबणारा झेनॉन वायू साचणं, शक्ती ३० मेगावॅटपर्यंत कोसळणं, ती परत वर आणायला नियंत्रण कांड्या बाहेर काढत जाणं, आणि शेवटी थांबवायचं बटण दाबल्यावर त्याच कांड्यांच्या ग्रॅफाइटच्या टोकांनी उलटा परिणाम करणं. एवढा अवघड विषय ज्याला विज्ञानाचा गंध नाही त्यालाही कळतो, माझ्या बायकोला कळला, ती कॉमर्सची आहे. लेगासोव्ह झालेल्या जॅरेड हॅरिसचं काम अफाट. एक लक्षात ठेवा, एमिली वॉटसनचं शास्त्रज्ञाचं पात्र खरं नाही, लेगासोव्हच्या मदतीला असलेल्या अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक व्यक्ती केलीय. मालिकेच्या शेवटी तसं स्पष्ट सांगितलंय.

परदेशीपाऊस

मी बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहे आणि इथल्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मागे लागून डेरी गर्ल्स बघायला लावली. उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर, १९९० चं दशक, कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाचे दिवस, कॅथलिक मुलींच्या शाळेतल्या चौघी आणि त्यांच्यात अडकलेला एक इंग्लिश मुलगा. रस्त्यावर लष्कराच्या गाड्या, पुलावर बॉम्ब म्हणून शाळेची बस अडकलीय, आणि यांना पडलंय आपल्या क्रशचं आणि परीक्षेचं. भाग विशीतले, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचे, तीन सीझन मिळून सगळे एकोणीस.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांचं एकत्र शिबिर असतं. पाद्री फळ्यावर विचारतो, आपल्यात साम्य काय ते सांगा. कोणालाच काही सुचत नाही. मग फरक सांगा म्हटल्यावर फळा भरून जातो, प्रोटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात इथपर्यंत. तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये ठेवला होता. मी इथे नवीन आले तेव्हा लोक एकमेकांना आडनाव आणि शाळा विचारून काय ताडतात ते मला कळायचं नाही, ही मालिका बघून कळलं. आणि आपल्याकडेही आडनाव विचारून काय ताडतात ते सगळ्यांना माहीत आहेच.

उच्चार भयंकर वेगात आहेत, सबटायटल लावल्याशिवाय बघू नका.

चौकसबाई

मी शाळेत शिकवते, आठवी-नववीचे वर्ग. अडोलेसन्स. चार भाग. तेरा वर्षांच्या मुलाला पहाटे पोलीस घरातून उचलून नेतात, तिथून सुरू. रातराणी, तुमचं गाव-गल्लीचं म्हणणं पटतं पण इथे गाव कुठलंही चाललं असतं, नाशिकचं असतं तरी चाललं असतं, हेच तर अंगावर येतं.

प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय, कुठेही कट नाही. मला आधी वाटलं ही कॅमेऱ्याची कसरत असेल. पण दुसऱ्या भागात पोलीस शाळेत येतात आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर वर्गावर्गातून फिरतो तेव्हा कळतं की कट नसल्यामुळे आपल्याला बाहेरच पडता येत नाही. तो गोंगाट, दमलेले शिक्षक, व्हिडिओ लावून वर्ग गप्प बसवणं, हे मी रोज बघते. पोलीस अधिकाऱ्याला त्याचा स्वतःचा मुलगा बाजूला घेऊन सांगतो की इन्स्टावरच्या त्या इमोजींचा अर्थ तुम्हाला लागलेलाच नाही. तिथे मी हादरले. माझ्या वर्गातल्या मुलांच्या गटांत काय चाललंय ते मला तरी कुठे माहीत आहे.

तिसरा भाग म्हणजे एक खोली, मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ. ओवन कूपर नावाच्या मुलाचं हे पहिलंच काम आणि शूटिंगही याच भागापासून सुरू झालं होतं. क्षणात गोड, क्षणात अंगावर धावून येणारा. त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला ते योग्यच. चौथ्या भागात वडिलांचं काम करणारे स्टीफन ग्रॅहम, ते मालिकेचे सहलेखकही आहेत. माझ्या मते पालकांनी आधी स्वतः बघावी, मग मुलांबरोबर बसून बघावी, आणि लगेच उपदेश करू नये, त्यांना बोलू द्यावं.

उनाड

चौकसबाई, मी नववीतल्या मुलाबरोबर बघितली. संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग दुसऱ्या दिवशी गाडीत आपण होऊन बोलायला लागला. काय बोलला ते त्याचं खासगी आहे पण तुमचा सल्ला अगदी बरोबर.

माझी भर: पाताल लोकचा दुसरा सीझन. पहिला आवडलेल्यांनी टाळू नका. पोलीस अधिकारी हाथीराम चौधरी दिल्लीतून नागालँडला जातो. दिग्दर्शक आपले अविनाश अरुण, किल्ला चित्रपटवाले. किल्ला ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे हा माणूस धुकं आणि ओला डोंगर कसा टिपतो. नागालँडची बरीचशी पात्रं तिकडच्याच कलाकारांनी केलीत आणि ती आपसात नागामीज बोलतात, हिंदी नाही. हाथीराम झालेला जयदीप अहलावत नुसता दारात उभा राहिला तरी त्या माणसाने आयुष्यभर काय सोसलंय ते कळतं.

आणि त्याच जातीची कोहरा, पंजाबमधली, सहा भाग, बरीचशी पंजाबीत. लग्नाच्या तोंडावर परदेशातून आलेला नवरदेव शेतात मेलेला सापडतो. खुनाचा तपास आहे खरा, पण गोष्ट बापांची आणि मुलांची आहे. सुविंदर विकीचा म्हातारा होत चाललेला पोलीस बघाच.

मिश्किलबोका

या दोन्ही मूळ भाषेतच बघा. पोचरही तशीच, केरळमधल्या हत्तींच्या शिकारीची, मल्याळम-हिंदी-इंग्रजी मिसळून आहे, जिथे माणूस जी भाषा बोलेल तीच. हिंदी डबिंग लावलं की जंगलातला वनरक्षक आणि दिल्लीतला अधिकारी एकाच स्टुडिओतून बोलल्यासारखे वाटतात, अर्धी मालिका तिथेच गेली.

तिखटमीठ

तुमचं पटतं पण सगळ्यांना जमत नाही हो. माझ्या बाबांची दृष्टी कमी झालीय, सबटायटल वाचेपर्यंत पुढचं वाक्य येतं. डबिंगमुळेच ते कोरियन मालिका बघू शकतात आणि मनापासून रमतात. त्यांना बघूच नका असं कसं सांगू?

मिश्किलबोका

नाही नाही, बाबांना डबिंगच लावा, रमतात हे महत्त्वाचं. सबटायटलचा आकार आणि मागची काळी पट्टी सेटिंगमधून वाढवता येते बऱ्याच ठिकाणी, पिवळा रंगही ठेवता येतो, तेही एकदा करून बघा.

गोदाकाठ

मला वाईट याचं वाटतं की मराठी आवाजच क्वचित असतो. तमिळ, तेलुगू असतात, आपलं नसतं. आणि मूळ मराठी मालिका तर वर्षाला बोटावर मोजण्याइतक्या. समांतर आली होती २०२० मध्ये, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची, तेव्हा किती लोकांनी बघितली, गावाकडं पोरं मोबाइलवर बघत बसायची. म्हणजे बघणारे आहेत. आपल्याकडं कथांची कमी आहे का? एकेका तालुक्याची मालिका होईल.

अंधेरीलोकल

अगदी अगदी. आणि मराठी नट-नट्या, दिग्दर्शक, कॅमेरावाले सगळे हिंदीत उत्तम काम करतच आहेत, वर निम्मी नावं तीच आहेत. त्यांना मराठीत तेवढा वेळ आणि पैसा मिळायला हवा. म्हणून मानवत मर्डर्ससारखी मालिका आली की मी मूळ मराठी आवाजातच बघते, हिंदी नाही लावत. तेवढा आकडा तरी त्यांच्याकडे जाऊ दे.

रातराणी

किती छान लिहिताय सगळे. मी आज एकच भर घालते, कारण कोणीतरी मला हलकंफुलकं मागितलंय. मिडनाइट डायनर, जपानी. टोकियोतलं गल्लीबोळातलं छोटं खानावळीसारखं दुकान, रात्री बारा ते सकाळी सात उघडं. पाटीवर एकच पदार्थ, पण सामान असेल तर मालक तुम्ही मागाल ते करून देतो. प्रत्येक भागात एक गिऱ्हाईक आणि त्याचा एक पदार्थ. लाल सॉसेजला चिरा देऊन ऑक्टोपससारखं करून मागणारा गुंड, भातावर चहा ओतून खाणाऱ्या तीन मैत्रिणी. चोवीसएक मिनिटांचा भाग, रात्री झोपायच्या आधी एक. मालक कोणाला सल्ला देत नाही, पुढ्यात वाटी ठेवतो. कोबायाशी काओरू या नटाने केलेल्या त्या मालकाच्या डोळ्याजवळचा व्रण कसला ते विचारावंसं वाटत राहतं.

उशिराचीबस

लिस्टमध्ये टाकली. उद्यापासून रात्रपाळी आहे, घरी येऊन झोप लागेपर्यंत एक भाग बरोबर बसेल.

कोणी बॉर्गन बघितलीय का? डेन्मार्कची, पंतप्रधान होणाऱ्या बाईची. आघाडी सरकारं कशी जुळवतात ते त्यात चांगलं दाखवलंय असं ऐकलंय, आपल्याला तर तो विषय घरचाच.

परदेशीपाऊस

बघितलीय, नक्की बघा. पहिला सीझन २०१० चा आहे. बिर्गिट नूबोर्ग सरकार बनवायला बसते तेव्हा छोट्या छोट्या पक्षांना कोणतं खातं द्यायचं यावरून जी रस्सीखेच चालते ती बघून तुम्हाला मुंबईतल्या रात्री आठवतील. दुसरीकडे तिचं घर हळूहळू कसं हातातून निसटतं तेही आहे. पहिले दोन भाग नावं लक्षात ठेवायला जड जातील, तिसऱ्यापासून पकड घेते. बघून झालं की इथे लिहा, मला त्यातल्या नवऱ्याबद्दल बोलायचंय.